प्रभावतीबाईंच्या तंबूची वाढ

शनिवारी सकाळी प्रभावती मोहोळकर यांच्या तंबूला मुळं फुटली.

भैरवझोत राष्ट्रीय उद्यानात असं अधूनमधून होतं. वनरक्षक सोपान भांगरे फेरी मारत पायथ्याच्या मुक्कामाच्या जागेवर आला, वाकला, एका खुंटीपाशी बोटाने माती उकरली आणि म्हणाला, "मावशी, तंबू सुती आहे का?"

"सुती. मी स्वतः शिवलाय."

"सुती रुजतात," सोपान म्हणाला. "नायलॉनचे नाही रुजत."

प्रभावतीबाईंचा कराडला शिवणाचा क्लास होता. या वयात त्यांना एकदा नाकाडच्या डोंगरमाथ्यावर झोपायचं होतं आणि त्यामागे काही कारण नव्हतं. मुलगा बरोबर येणार होता, पण तंबू उचलून बघताना घरातच त्याची कंबर धरली. म्हणून सून आली. मृदुला बँकेत कर्ज विभागात होती. सासूबरोबर ती आजवर कधी स्टेशनापर्यंतसुद्धा एकटी गेली नव्हती.

मृदुलाने तंबूचा कोपरा धरून जोरात ओढला.

"ताई, उपटू नका," सोपान म्हणाला. "तो आता वनस्पती आहे. उद्यानातली वनस्पती उपटायला बंदी आहे."

"मग राहू दे इथेच. आम्ही जातो घरी."

"मावशींना तसंही जाता येणार नाही. आणलेली वस्तू उद्यानात टाकून जायला बंदी आहे."

मृदुलाने हे मनात एकदा तपासून पाहिलं. त्यात चूक नव्हती. "मग लोक काय करतात?"

"राहतात. परवाना संपेपर्यंत पाहुणे म्हणून आणि नंतर वन्य म्हणून. इचलकरंजीचे एक गृहस्थ आहेत. गेल्या प्राणिगणनेत चुकून दोनदा मोजले गेले."

"कसे आहेत ते?"

"तब्येत उत्तम आहे. ओळख देत नाहीत."

परवाना पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंतचा होता. मृदुलाने नवऱ्याला फोन लावला आणि ती हलक्या आवाजात बराच वेळ बोलत राहिली. प्रभावतीबाई तेवढ्यात तंबूभोवती फिरून आल्या.

"सोपान, माथ्यावर झोपायचा नियम काय?"

"माथ्यावर कुठेही झोपा मावशी. फक्त स्वतःच्या तंबूत झोपायचं."

"ठीक आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि सोपानला त्यांनी तंबूची चढाकडची बाजू दाखवली. तिथे शिवणीतून बोटभर कापड बाहेर आलं होतं. कोवळं होतं, घडी अजून उलगडली नव्हती. त्यांनी पातेलं विसळलेलं पाणी त्याच्यापुढच्या मातीत ओतलं. दुपारपर्यंत त्या कोंबाचा उशी मावेल एवढा तंबू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाय पसरून झोपता येत होतं.

"हा माझाच ना?" त्यांनी विचारलं.

सोपानने वायरलेसवर वनक्षेत्रपाल देवरुखकर साहेबांना विचारलं. साहेबांनी थोडा विचार केला. मुळाशी जोडलेला आहे तोवर त्यांचाच, असं ते म्हणाले. प्रभावतीबाईंनी अंथरूण उचललं आणि वरच्या तंबूत नेलं.

त्यानंतर त्या रोज थोड्या थोड्या वर जात राहिल्या. वाटेत कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, तिथून कळशी भरून आणायची आणि शेंड्याशी ओतायची. नवा तंबू उलगडला की आत जाऊन चारी कोपरे ताणायचे. मृदुला मात्र पायथ्याच्या पहिल्या तंबूतच बसून राहिली. त्याला कोणी पाणी घालत नव्हतं, तरी तो रुंदच होत चालला होता. त्यात आता दोन खोल्या झाल्या होत्या. बुधवारी नवऱ्याचा फोन आला. "आईला खाली आण," तो म्हणाला. मृदुला चढायला लागली.

प्रभावतीबाई एका दगडावर बसलेल्या होत्या. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

"आई, खाली चला. गुडघा बघा तो."

"तो कुठे नाही म्हणतोय? माझ्याबरोबरच येतोय."

"आणि रविवारपर्यंत नाही पोचलात तर? घरी काय सांगू मी, सासूबाई वन्य झाल्या म्हणून?"

"तसंच सांग. तुला काय अडचण आहे? तंबू माझा आहे. तुझ्या नावावर इथे काही रुजलेलं नाही. तू आज गेलीस तरी तुला कोणी अडवणार नाही."

हे खरं होतं. मृदुलाच्या ते इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. फाटक खाली दिसत होतं, एसटीचा थांबाही दिसत होता. ती उभी राहून तिकडे पाहत राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यातलं काय सासूमुळे आणि काय गुडघ्यामुळे हे तिला सांगता आलं नसतं. मग तिने कळशी उचलली.

"कुठे घालायचं पाणी?"

"शेंड्याशी. मुळाशी घालू नकोस, नुसता पसरतो."

दोघी मिळून पाणी घालू लागल्या तसा वेग वाढला. शुक्रवारी मात्र माथ्याखालचा कडा आडवा आला. पुरुषभर उंचीचा, सरळ उभा कातळ. शेंडा त्यावर चढेना. थोडा वर जायचा, लोंबायचा आणि वाऱ्याने फडफडत खाली यायचा. मृदुलाने तो दोन्ही हातांनी वर धरून पाहिला, तर फेरीवर असलेला सोपान जवळ आला.

"ओढायचं नाही, ताई."

"आधार दिला तर?"

"वेलाला आधार द्यायला बंदी नाही."

मृदुलाने ओढणी काढली. प्रभावतीबाईंनी लुगड्याची किनार फाडून दिली. बाजूच्या घळीतून मृदुला हातापायांवर चढून गेली. मध्येच एकदा पाय निसटला आणि खालून प्रभावतीबाई ओरडल्या, "मृदुला, सोड ते! ये खाली!"

"आता नाही येत!" मृदुला वरून ओरडली.

तिने ओढणी आणि किनार एकमेकींना बांधून एक टोक करवंदीच्या जाळीला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं. शेंड्याने ते चाचपलं, एक वेढा घेतला, मग दुसरा घेतला.

शनिवारी प्रभावतीबाई तंबूच्या आतून, शिवणींना धरून कडा चढल्या आणि रात्री दोघी नाकाडच्या माथ्यावर स्वतःच्या तंबूत झोपल्या. सकाळी सगळीकडे धुकं होतं आणि हातभर अंतरावरचंही काही दिसत नव्हतं.

"छान झोप लागली," प्रभावतीबाई म्हणाल्या. त्यांचं काम झालं होतं.

मृदुलाचं झालं नव्हतं. ती धुक्यात फिरत होती. माथ्याच्या पलीकडच्या कडेला तिला चुन्याने रंगवलेला एक दगड सापडला. सकाळच्या फेरीवर वर आलेल्या सोपानला तिने हाक मारली.

"हा कसला?"

"हद्दीचा. उद्यान इथे संपतं."

"आणि याच्या पुढे काय उपटायचं, काय न्यायचं, त्याचे नियम?"

"पुढचं मला विचारू नका," सोपान म्हणाला. "पुढे मी वनरक्षक नाही."

मृदुलाने सासूकडे पाहिलं. प्रभावतीबाई गुडघा चोळत उठल्या. कळशीत रात्रीचं पाणी होतं, ते मृदुलाने दगडाच्या पलीकडे ओतलं. उताराला तंबू चढापेक्षा फार भराभर वाढतो. दुपारपर्यंत डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर एकाखाली एक असे तंबू उलगडत गेले आणि दोघी त्यांच्या आतून, एका दारातून दुसऱ्या दारात, खाली उतरत गेल्या. त्यांचे आवाज बराच वेळ वर येत होते. काहीतरी वाद चालला होता. पुढच्या वेळी दाराला बटणं लावायची की नाड्या, यावरून.

ऊन उतरलं तसं सोपानने वायरलेस उघडला.

"साहेब, मोहोळकर दोघी हद्दीबाहेर गेल्या."

"वेळेत?"

"वेळेत."

"आणि तंबू?"

सोपानने एकदा खाली पायथ्याकडे पाहिलं आणि एकदा पलीकडे.

"निघालाय, साहेब. बराचसा अजून आत आहे."

"बरं," साहेब म्हणाले. "पूर्ण गेला की कळव."