नऊ पॉइंट दहा

अंगणवाडीच्या दैवशालाताईंच्या मोबाइलवर सकाळीच निरोप आला, 'आपल्याकडे ॲप ९.९ आहे. नवीन आवृत्ती ९.१० त्वरित घ्या.' ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अख्खा जन्म लेकरं तोलण्यात गेलेला. नऊ किलो नऊशेचं लेकरू नऊ किलो शंभरावर आलं, तर त्याला नवीन नाही म्हणत, वाळलं म्हणतात. त्यांनी तालुक्याच्या ऑफिसात कल्याणला फोन लावला. लेकरांची वजनं भरायच्या ॲपचं सगळं तोच बघायचा. पोरगं लेकाच्या वयाचं, पण सर म्हणावं लागे.

"सर, हे ॲप तर घटून राह्यलं. जुनं कशाला मारता आमच्या गळ्यात?"

"ताई, डोकं नका लावू. दाबा फक्त."

ताईंनी दाबलं नाही. वर सेविकांच्या ग्रुपवर टाकलं, 'कोणीही जुनं ॲप घेऊ नये.' ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकीनंही घेतलं नाही आणि तालुका जिल्ह्यात शेवटून पहिला आला.

मीटिंगमध्ये कल्याणनं ताईंना उभं केलं. "नऊ मोठा का दहा?"

"दहा."

"मंग म्हणा, नऊ पॉइंट नऊपेक्षा नऊ पॉइंट दहा मोठं."

ग्रुपवर ताईंच्या निरोपाला अंगठे देणाऱ्या बाया आता जमिनीकडे बघत होत्या. ताईंनी म्हटलं. इतका पाणउतारा सासूनंही केला नव्हता. त्यात चूक आपलीच, हे जास्त लागलं. मुकाट्यानं ॲप घेतलं.

पुढच्या वजनाला मैमूना आपल्या महजबीनला कडेवर घेऊन आली. दोन वर्षांची पोर जुलाबानं पार चिपाड झाली होती.

"बाई, कुछ खातीच नै. पानी बी उलटी करती."

काट्यावर नऊ किलो शंभर. मागच्या खेपेला जुन्या ॲपात ९.९ भरलेलं. एवढी घट दिसली की ॲप लाल होतं, लाल झालं की दवाखान्याची चिठ्ठी निघते. लाल नाही तर खाट नाही. ताईंनी ९.१ भरलं. ॲप म्हणालं, 'पॉइंटनंतर दोन अंक भरा.' ९.१० भरलं. पडदा हिरवागार झाला, वर जाणारा बाण आला. 'अभिनंदन! बाळाचे वजन वाढले.'

"सर, पोरगी वाळली अन् तुमचं ॲप अभिनंदन करून राह्यलं."

"परत तेच, ताई? मीटिंगमधी काय शिकवलं?"

"ते ॲपचं होतं, सर. हे लेकराचं हाय."

"ॲपला एकच गणित येतं. हिरवं हाय ना? मंग बिलकुल टेन्शन न्हाई घ्यायचं."

ताईंनी फोन ठेवून एक शिवी हासडली, तीही हळूच, समोर लेकरं होती म्हणून. मग जन्मात पहिल्यांदा खोटं वजन भरलं, ८.९०. ॲप लालबुंद झालं. "जल्दी निघ माय," म्हणत त्यांनी मैमूनाला चिठ्ठी देऊन जालन्याच्या गाडीत बसवलं. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

दवाखान्याच्या काट्यानं मात्र नऊ किलो शंभरच दाखवलं होतं. ताईंना खोटं वजन भरल्याची नोटीस आली. त्या ऑफिसात गेल्या. भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावलेला, गावोगाव हिरवा. जुन्या ॲपातला पॉइंटपुढचा अंक एक, नव्यातले दोन, त्यामुळे सगळीच लेकरं वाढलेली. एका गावावर तेवढा लाल टिपका होता. ते ताईंचं गाव.

"सत्कार ठरल्ता आमचा," कल्याण म्हणाला. "तुमच्या एका टिपक्यानं गेला."

"सर, एकदा गावात येऊन लेकरं बघा."

"बघतो की रोज, नकाशावर." त्याला ताईंची थोडी कीवही आली असावी. "जाऊ द्या. ९.११ येऊन राह्यलं. मंग असा घोळ होणार न्हाई."

ताईंचा जीव भांड्यात पडला. "त्यात वजनाचं बराबर केलं का?"

"न्हाई. त्यात लाल रंगच काढून टाकला."