क्लाउडचा खर्च मी शून्यावर कसा आणला

आधीच सांगून ठेवतो, सांगली-साताऱ्यात क्लाउडचा खर्च माझ्याइतका खाली कुणीही आणलेला नाही! पुण्यातल्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांना जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते मी एका मंगळवारी सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान करून दाखवलं. उगाच बढाई मारत नाही. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे.

आमचे मालक सुकुमारअण्णा सांगलीचे हळदीचे अडते. शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्यांपुढे मांडायची, सौदा जमवायचा आणि मध्ये आपली अडत घ्यायची, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. यंदा त्यांनी सौदे मोबाइलवर करायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी दोन इंजिनिअर ठेवले. एक वाईची भार्गवी, दुसरा मी, मुकुल. भार्गवीने प्रोग्राम लिहिला आणि मी तो चालवायला एका बड्या कंपनीचे तीन सर्व्हर भाड्याने घेतले. हे भाडं तासावर असतं. सौदा असो वा नसो, मीटर आपला पळतच असतो.

पहिलं बिल आलं तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"अजून एक सौदा न्हाई, आन् ह्ये भाडं कशाचं रं?"

"सर्व्हर चालू होते ना, अण्णा."

"कुणासाठी?"

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. तीन दिवस शोधाशोध केली आणि चौथ्या दिवशी छाती काढून अण्णांसमोर उभा राहिलो. म्हटलं, "एक मधली कंपनी सापडली आहे. आपल्या सर्व्हरवर ती नजर ठेवते. जो रिकामा बसलेला दिसेल त्याला आपणहून बंद करते. जे वाचेल त्यात तिचा थोडा वाटा."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजी तितंबी अडत्या हाय म्हण की! घे बाबा, घे. अडत्याबिगर कुटलं काम नीट हुतंय?"

त्या कंपनीत बचतीच्या तीन पायऱ्या होत्या. सौम्य, मध्यम आणि कडक. भार्गवी म्हणाली, "मुकुल, हे लोक सौदा कसा करतात ते आपण अजून बघितलेलं नाही. एकदा बघूया, मग ठरवू."

मी हसलो. सौदा म्हणजे गर्दी, आणि गर्दीत सर्व्हर रिकामा बसेलच कसा? मी 'कडक' दाबलं. आठ मिनिटं काम दिसलं नाही की एक सर्व्हर बंद, असा तो नियम होता.

पहिला सौदा पलूसच्या अनसूयाकाकूंच्या हळदीचा. नव्वद पोती राजापुरी, एकेक हळकुंड पिवळंधमक. दिरापासून वाटणी झाल्यावर काकूंनी एकटीने काढलेलं हे पहिलंच पीक. दिराने सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं की बाईमाणसाला हळद जमायची नाही. त्याची हळद आठवड्यापूर्वी क्विंटलला सोळा हजाराने गेली होती.

काकू अण्णांना म्हणाल्या, "आवं आण्णा, समदी म्हनत्यात मोबाइलवर कुटं हळद इकत्यात व्हय? पर मी तुमच्या शब्दावर आलीया. दिरापरास एक रुपया का हुईना, जास्त पायजे. न्हाईतर गावात त्वांड दावायची सोय न्हाई."

"काळजी करू नका," अण्णांच्या आधी मीच बोललो.

खरं तर व्यापाऱ्यांनी आपापल्या दुकानात बसून बोली लावायची होती. मोबाइलचा फायदाच तो! पण साडेदहाला अठराच्या अठरा व्यापारी आमच्या ऑफिसात हजर. रहिमतपूरचे लालासाहेब पुढची खुर्ची ओढून म्हणाले, "दुसऱ्याचं त्वांड दिसल्याबिगर भाव कसा लावायचा गड्या?"

पूर्वी ही मंडळी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायची. ती पद्धत केव्हाच गेली, सवय राहिली. प्रत्येकाने मोबाइल मांडीवर घेतला, त्यावर रुमाल टाकला आणि छताकडे बघत बसला.

अकराला अर्ध्या तासाचा सौदा सुरू झाला. भिंतीवरच्या टीव्हीवर बोली शून्य. पाच मिनिटं झाली, शून्य. भार्गवीने माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा निवांत. हळूच म्हणाले, "आदी भाव सांगंल त्यो मूर्ख. शेवटच्या पाच मिन्टात बग कशी धार लागतीया."

एवढ्यात माझ्या मोबाइलवर मधल्या कंपनीचा निरोप आला: एक सर्व्हर रिकामा होता, बंद केला. मला इतका आनंद झाला की मी तो मोठ्याने वाचून दाखवला. अण्णांनी सगळ्यांना ऐकवलं, "बगा, पोरानं खर्च वाचवला!" सोळाव्या मिनिटाला दुसरा बंद झाला. व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. मी उठून नमस्कारही केला.

चोविसाव्या मिनिटाला तिसरा बंद झाला. तिन्हीत तेवढाच उरला होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अजून नमस्काराच्याच पवित्र्यात होतो.

आणि बरोबर पंचविसाव्या मिनिटाला अठरा रुमाल हलायला लागले. बोटं दाबतायत, दाबतायत, आणि पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. पण एकाने तरी तोंड उघडावं? मोबाइल अडकलाय असं म्हटलं की आपण बोली लावतोय हे शेजाऱ्याला कळणार. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी वरचढ आहे म्हणून आपली बोली जात नाही. मग आकडा वाढवा, परत दाबा. चेहरे मात्र संगमरवराचे.

साडेअकरा वाजले. टीव्हीवर बोली शून्य.

अनसूयाकाकू उठल्या. "एकबी न्हाई?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. भार्गवी माझ्या कानात म्हणाली, "तिन्ही बंद आहेत. परत उठायला वीस मिनिटं लागतील." काकू पदर खोचून दाराकडे निघाल्या. "पोती भरा गाडीत. घरी न्हेते."

"बोली न्हाई कशी?" लालासाहेबांना राहवलं नाही. "धा येळा दाबलंय मी!"

"मीबी," मागून कोणी म्हणालं. "मीबी, मीबी," असं करत अठराही जण बोलले.

अण्णा शांतपणे उठले. "कुनी मोबाइलला हात लावायचा न्हाई." एकेकापाशी जाऊन त्यांनी रुमालाखाली डोकं घातलं, पडद्यावर अडकलेला आकडा बघितला आणि पुढे सरकले. अठराव्या रुमालातून डोकं बाहेर काढून जाहीर केलं, "लालासाहेब. अठरा हजार चारशे."

लालासाहेब स्वतःशीच भांडत तिथवर चढले होते. मर्दाचा शब्द म्हणून त्यांनी तो पाळला. काकूंना हसू आवरेना. त्यांनी तिथूनच दिराला फोन लावला आणि अख्ख्या ऑफिसाला ऐकू जाईल असा भाव सांगितला. मलाही भरून आलं. शेवटी सर्व्हर बंद केले होते कुणी?

व्यापारी तर बेहद्द खूश. "मोबाइलचं ह्ये लय भारी हाय. आता दर मंगळवारी असंच करायचं!" तेव्हापासून आमच्याकडे तसेच सौदे होतात. व्यापारी मोबाइलवर आकडा लिहितात, अण्णा रुमालाखाली डोकं घालतात आणि सर्व्हर बंद असतात.

महिनाअखेर मधल्या कंपनीचं प्रमाणपत्र आलं. शंभर टक्के बचत, त्यांच्या सर्व ग्राहकांत पहिला नंबर! मी ते चौकटीत बसवून टेबलामागे लावलं. अण्णांनी ते सावकाश, शब्द शब्द वाचलं.

"म्हंजी आता यंत्राचं कायबी काम ऱ्हायलं न्हाई?"

"काहीही नाही, अण्णा!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मग तू दिवसभर काय करतुयास?"

घाईत तोंडातून निघून गेलं, "चहाचं बघतो."

तेव्हापासून बघतोय. पण सांगतो, अठरा कपांत एक थेंब वाया जात नाही.