सातव्या बेटाची अर्जित रजा

फाल्गुनाच्या दुसऱ्या आठवड्यात सातव्या बेटानं दिगंबर इंगोले यांना पत्रानं कळवलं, की गुढीपाडव्यापासून आपण सहा आठवड्यांच्या अर्जित रजेवर जात आहोत, रजेचा काळ वाशीमला घालवणार आहोत, तरी आपलं आरक्षण रद्द समजावं.

पत्र रीतसर होतं. जावक क्रमांक होता, तारीख होती, आणि सहीच्या जागी ओल्या वाळूचा ठसा होता. इंगोल्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि अंगणातल्या शेवग्याखाली जाऊन उभे राहिले. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढल्यावर सरकारी भाषेतलं पत्र त्यांना खोटं वाटत नसे. प्रश्न एवढाच होता, की हे पुष्पलताबाईंना सांगायचं कसं.

पुष्पलताबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. या एकतीस वर्षांत समुद्राकाठी जायचं तीन वेळा ठरलं आणि तीन वेळा मोडलं. एकदा तातडीची मोजणी निघाली, एकदा निवडणुकीची ड्यूटी लागली, एकदा कोर्टात साक्ष आली. यंदा मात्र इंगोले निवृत्त झाले होते आणि कारण उरलं नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वही आणून दक्षिणेतल्या बेटांच्या सहलीचा आराखडा केला होता. चौदा दिवसांचे चौदा तक्ते होते, सूर्यास्ताची मिनिटासकट वेळ होती, कुठल्या दिवशी पाण्यात किती पावलं जायचं तेही होतं. पुष्पलताबाईंनी रुंद काठाची टोपी घेतली होती आणि ती कपाटात वरच्या फळीवर पिशवीत ठेवली होती.

इंगोले आधी सहल कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या धाबेकर मॅडमनी पत्र पाहिलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. वस्ती असलेल्या प्रत्येक बेटाला नव्वद वर्षांतून एकदा सहा आठवडे मिळतात आणि सातव्याची रजा कधीचीच साचली होती. पण वाशीमच का, असं इंगोल्यांनी विचारलं. मॅडमनी फाइल उघडून त्यांच्यापुढे त्यांचाच अर्ज धरला.

अर्जात 'आपल्या गावाविषयी चार शब्द' असा रकाना होता. इंगोल्यांनी तिथे पुरवणी जोडून चार पानं लिहिली होती. वाशीमची हवा कशी कोरडी, चैत्रात गच्चीवर घातलेल्या कुरडया एका उन्हात कशा खडखडीत वाळतात, धुतलेलं धोतर दोरीवर घालून मागं वळेपर्यंत कसं सुकतं. अर्ज नियमाप्रमाणे बेटाकडे संमतीसाठी गेला होता. बेटानं तो वाचला होता. आठ हजार वर्षं ते ओलं होतं.

"दुसऱ्या पानावर त्यानं खूणही केली आहे," धाबेकर मॅडम म्हणाल्या.

इंगोले घरी आले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पुष्पलताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, ताटातले खडे वेगळे केले आणि बरं म्हणाल्या. त्या रडल्या असत्या तर इंगोल्यांना सोपं गेलं असतं.

आठवड्यानंतर बेटांच्या रजा कक्षाचे सदाफळे म्हणून अधिकारी घरी आले. कपाळावर घाम होता, काखेत फाइल होती. पाणी पिऊन त्यांनी अडचण सांगितली. बेटाच्या उतरण्याची सोय झाली होती. गावाबाहेर जिनिंग कारखान्याच्या मागचं पडीक मैदान त्याला पसंत पडलं होतं. बेटावरचे लोक त्या काळात आपापल्या नातेवाइकांकडे जाणार होते. पण समुद्रातली जागा रिकामी ठेवता येत नाही. ज्या गावात बेट रजेवर जाईल, त्या गावानं बदली जागा पुरवायची असा नियम आहे. आकाराचं बंधन नाही. किमान दोन रहिवासी, गोड्या पाण्याची सोय आणि एक उभं झाड हवं.

गुरुकृपा कॉलनीत चौकशी झाली होती. शेजारच्या बाहेकर मास्तरांकडे झाड नव्हतं, कोपऱ्यावरच्या घरात बोअर आटलं होतं. इंगोल्यांच्या तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर शेवगा होता, बोअरला पाणी होतं आणि माणसं बरोबर दोन होती.

इंगोल्यांनी तांत्रिक हरकत घेतली. प्लॉटची चतुःसीमा ठरलेली होती. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बाहेकरांचं कुंपण, उत्तरेला नाली, दक्षिणेला मंदिराची भिंत. प्लॉट हलला तर नोंदीचं काय करायचं?

"चारही बाजूंना समुद्र अशी तात्पुरती नोंद घेऊ," सदाफळे म्हणाले. त्यांनी तसा नमुना बरोबर आणलाच होता.

तेव्हा पुष्पलताबाई दारात आल्या. त्यांचा एकच प्रश्न होता.

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल का?"

"वहिनी, सगळ्याच खिडक्यांतून दिसेल. त्याला इलाज नाही."

पुष्पलताबाईंनी पदराला हात पुसले आणि संमतिपत्रावर सही केली. दुसरी सही इंगोल्यांची हवी होती. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

"लता, मी खोटं बोलत आलो," सदाफळे गेल्यावर इंगोले म्हणाले. "मोजणी नव्हती. साक्षही नव्हती. मला समुद्राची भीती वाटते. बुडायची नाही. ज्या जमिनीची हद्द सकाळी एक आणि दुपारी दुसरी, तिच्यावर उभं कसं राहायचं?"

"साक्षीचं मला तेव्हाच माहीत होतं," पुष्पलताबाई म्हणाल्या. "मे महिना होता. कोर्टाला सुट्टी होती."

पंधरा वर्षं त्या हे मनात ठेवून होत्या आणि एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. इंगोल्यांनी दोन दिवस थांबायचं कारण नाही असं ठरवलं आणि स्वतः रजा कक्षात जाऊन सही देऊन आले.

पाडव्याला सकाळी दहाला बदली झाली. गुढी उभी होती, पुरण शिजत होतं. प्रत्यक्ष काम वेळेत आणि आवाज न होता पार पडलं. देव्हाऱ्यातली समई विझली नाही, फक्त घरातली सगळी कॅलेंडरं भिंतीवर एकदम हलली. पुष्पलताबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. समुद्र ओट्यापासून अकरा फुटांवर होता.

त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या. पुरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा इंगोल्यांनी गॅस बंद केला. मग त्या टोपी घालून बाहेर गेल्या, साडी घोट्यांच्या वर उचलली आणि पाण्यात उभ्या राहिल्या. इंगोले उंबऱ्यावर बसून होते. त्यांना वाटलं, बायकोची पाठ आपण एवढा वेळ कधी पाहिली नव्हती.

बदली जागेला बेटाची सगळी कामं लागू होती. लाटा फोडायच्या, जहाजांना दिसायचं, पक्ष्यांना उतरू द्यायचं आणि ज्यांची आरक्षणं रद्द झाली नव्हती अशा पर्यटकांना रमवायचं. तिसऱ्या दिवशी पहिली नाव आली. तीत अकरा माणसं होती. त्यांनी प्रवाळ कुठे आहे म्हणून विचारलं. इंगोल्यांनी त्यांना फरशी दाखवली. नारळाचं पाणी मागितलं तेव्हा पुष्पलताबाईंनी ताक दिलं. दुपारी पिठलं, भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी झाली. सूर्यास्त गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारून दाखवण्यात आला आणि तो इंगोल्यांच्या वहीतल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा झाला. जाताना एका नवविवाहित जोडप्यानं अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, की बेट लहान आहे, पण जेवायला आग्रह करतं.

सगळंच गोड नव्हतं. कुरडया वाळेनात. चौथ्या दिवशी त्यांना बुरशी आली आणि पुष्पलताबाईंनी त्या माशांना टाकल्या. दारं फुगली, मीठ ओलं झालं. मंगळवारच्या भजनाची त्यांना आठवण येई, आणि लाटांच्या आवाजात बाहेकर वहिनींचा फोन नीट ऐकू येत नसे. वहिनी बेटाची खुशाली कळवत. बेट मैदानावर गुपचूप पडून असतं, कुणाला त्रास देत नाही, त्याचे माड माना टाकून बसले आहेत पण त्याचा चेहरा उजळला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गावातले लोक संध्याकाळी त्याला बघायला जात आणि येताना पायाला लागलेली वाळू झटकून, ती परत ठेवून येत.

इंगोल्यांनी पहिल्या आठवड्यात काही केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून मोजणीची साखळी काढली. प्लॉटची पूर्व हद्द सकाळी सहाला मोजली, नऊला मोजली, बाराला मोजली. तिन्ही आकडे वेगळे आले. त्यांनी घाम पुसला आणि पुन्हा मोजली. पुष्पलताबाई साखळीचं दुसरं टोक धरून पाण्यात उभ्या राहत आणि हद्द कुठे आली ते ओरडून सांगत. कधी दोन फूट पुढे, कधी सात फूट मागे. चौदा तक्त्यांची वही संपली तेव्हा त्यांनी पर्यटकांकडून दुसरी मागवली. पाचव्या आठवड्यात एकदा साखळी ओढता ओढता ते स्वतः गुडघाभर पाण्यात उभे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आकडा लिहिला आणि तिथेच उभे राहिले.

सहावा आठवडा संपायला दोन दिवस होते तेव्हा सदाफळे नावेनं आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना बोट लागली होती, आणि शिवाय अडचण होती. बेटानं मुदतवाढ मागितली होती. वरचा थर वाळला आहे पण आतून अजून ओल आहे, असं कारण त्यानं दिलं होतं आणि ते ग्राह्य धरण्यात आलं होतं. मात्र बदली जागेनंही स्वतंत्र कारण द्यायला हवं होतं. नाहीतर परवा सकाळी दहाला प्लॉट वाशीमला परत जाणार आणि इथे दुसरी जागा शोधावी लागणार.

पुष्पलताबाईंनी दोन्ही ट्रंका भरून ठेवल्या होत्या. भांड्यांची टोपली दाराशी आणून ठेवली आणि परत आत गेल्या.

"राहायला आवडतं, असं लिहिलं तर?" इंगोल्यांनी हळूच विचारलं.

"हौस हे कारण चालत नाही, साहेब. मी तीन प्रकरणं त्यावरच फेटाळली आहेत."

इंगोल्यांनी मान हलवली. कार्यालयात असताना त्यांनीही फेटाळली असती. त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली, कोरा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून मुदतवाढीचा अर्ज लिहिला. तो दीड ओळीचा होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मोजणी अपूर्ण.'

सदाफळ्यांनी वाचलं. अपूर्ण मोजणी चालू असताना जमीन हलवता येत नाही, हा नियम जुना होता आणि त्याला अपवाद नव्हता. त्यांनी दोन्ही वह्या मागून घेतल्या. पान पान उलटून आकडे पाहिले. एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि दोन सह्या होत्या.

"अजून अंदाजे किती दिवस लागतील?" त्यांनी शिक्का काढत विचारलं. "मला रकाना भरावा लागतो."

इंगोल्यांनी बाहेर पाहिलं. पाणी शेवग्याच्या बुंध्यापर्यंत आलं होतं आणि परत चाललं होतं.

"हद्द एकदा जागेवर थांबली की लगेच कळवतो," ते म्हणाले.

सदाफळ्यांनी तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. शाई दमट हवेत थोडी पसरली, म्हणून त्यांनी तिच्यावर फुंकर घातली. तोवर अकरा वाजताची नाव किनाऱ्याला लागत होती. पुष्पलताबाईंनी टोपलीतून परात बाहेर काढली, उतरणारी माणसं खिडकीतूनच मोजली आणि नऊ जणांच्या भाकरींचं पीठ घेतलं. मग सदाफळ्यांकडे पाहून आणखी एक मूठ घातलं.