ढग्यांचा साडेअकराचा फोन

शुक्रवार, सकाळी दहा. हजर: मी, स्टोअरचे शेलार आणि आमचे सर्वांत जुने टेस्टर ढगे. विषय: ढगे महिनाअखेरीला निवृत्त होणार, त्यांची कामं कुणाकडे द्यायची. सुरुवात म्हणून मी विचारलं, सगळं ठीक ना? ढगे म्हणाले, "टाकीतलं सांगू का कठड्यावरचं?"

याचा खुलासा करते. चाकणच्या आमच्या छोट्या कंपनीत सोन्याच्या खाणींसाठी ऑक्सिजन मोजणारे मीटर बनतात. खाणीवर दगड दळून त्याचा चिखल सायनाइडच्या पाण्यात घुसळतात. त्या पाण्यात पुरेसा ऑक्सिजन विरघळलेला नसला की सोनं दगडातून नीट सुटत नाही. म्हणून टाकीत आमच्या मीटरचा प्रोब, म्हणजे मोजणारी दांडी, बुडवून ठेवायची. एकदा एका खाणीवर आठवडाभर रीडिंग झकास आणि सोनं मात्र कमी. मी इथून तीन पानी उपाययोजना पाठवली. ढग्यांनी फोन करून एवढंच विचारलं, प्रोब आहे कुठे? धुवायला काढलेला प्रोब टाकीच्या कठड्यावर टांगलेलाच राहिला होता आणि इमानेइतबारे मोकळी हवा मोजत होता. माझी उपाययोजना अजून फाइलला आहे, रंगीत लेबलसकट.

तेव्हापासून चांगल्या आकड्यावर ढग्यांचा विश्वास नाही. शेलारांच्या मुलीला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, पेपर कुणी तपासले? माझं बीपी नॉर्मल आलं, तर म्हणाले, दुसऱ्या मशीनवर बघा.

तर बैठक. यादीत अकरा कामं होती, त्यातली दहा वाटून झाली. अकरावं: रोज साडेअकराला त्याच कठड्यावाल्या खाणीवर फोन करून रीडिंग विचारणे. रीडिंग आता आपोआप कॉम्प्युटरवर येतं, म्हणून त्यापुढे मी 'सोमवारपासून बंद' लिहून आणलं होतं.

"बरोबर आहे मॅडम, बंद करा," ढगे म्हणाले.

वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतक्या चटकन सहमत झाला नव्हता. शंका यायला हवी होती. मी टिक केली.

बुधवारी साडेअकराला खाणीवरूनच फोन आला. टाकीवरचा मल्लाप्पा, कर्नाटक सीमेकडचं मराठी बोलणारा. ढगेसाहेब आजारी आहेत का, विचारत होता. मी त्याला समजावलं की रीडिंग आम्हाला इथे दिसतं.

"रीडिंगचं नाही हो मॅडम. बाई गेल्यापासून साहेब एकटेच रांधतात. भाजी मी सांगतो त्यांना रोज. सोमवारी मेथी सांगायची होती."

ढग्यांची बायको गेली त्याला चार वर्षं झाली. ऑफिसतर्फे हार मीच सांगितला होता, पावतीही लावून ठेवली होती. रोज एकाच टेबलावर जेवतो आम्ही. त्यांच्या डब्यात मी कधी डोकावले नाही.

फोन टेस्टिंगमध्ये नेऊन दिला. ढग्यांनी हात पुसले, भिंतीकडे तोंड केलं. "हां मल्लाप्पा," म्हणाले, आणि मग हळूच, "लसूण आधी का मिरची?" मी दार ओढून घेतलं.

'बंद' खोडलं आहे. पण महिनाअखेरीनंतर काय? शेलारांकडून कळलं की दोघांकडेही एकमेकांचा घरचा नंबर नाही; कामाशिवाय कसा मागायचा, म्हणून इतकी वर्षं कुणी मागितलाच नाही. दोन्ही नंबर मी मिळवले आहेत, दोन चिठ्ठ्याही तयार आहेत. ढग्यांच्या हातात चिठ्ठी देताना काय म्हणायचं, तेवढं अजून सुचलेलं नाही.