हेडक्लार्कांचा फोटो

घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षेच्या नियमावलीतला सातवा नियम मुलीने मोठ्याने वाचला आणि हेडक्लार्कांचा चेहरा उतरला.

"परीक्षार्थीने ओठ हलवू नयेत, इकडेतिकडे बघू नये. कॅमेऱ्यामागचं एआय सतत लक्ष ठेवील. तीनदा चूक झाली की परीक्षा रद्द."

"मग विचार कशाने करायचा?" हेडक्लार्कांनी विचारले.

प्रश्न अगदी मनापासून होता. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात त्यांनी तीस वर्षे उत्तरे तोंडी सांगून लिहून घेतली होती, तीही टेबल ते कपाट अशा येरझारा घालत. तोंड बंद झाले की त्यांचे डोकेही बंद पडे. या परीक्षेचा अभ्याससुद्धा त्यांनी दोन महिने इतक्या खणखणीत आवाजात केला होता, की समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींनाही मशीन लर्निंगची व्याख्या पाठ झाली होती.

परीक्षा टाळता येण्याजोगी नव्हती. तक्रारींना उत्तरे यापुढे एआय लिहिणार आणि त्यावर देखरेख करायला प्रमाणपत्र असलेला माणूस लागणार, असे साहेबांनी सांगितले होते. तिमाहीच्या अखेरीपर्यंत प्रमाणपत्र आले तर हेडक्लार्कांचे खिडकीजवळचे टेबल कायम, नाहीतर रवानगी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे खिडकी नव्हती आणि ज्याच्याशी बोलावे असे कोणी नव्हते.

"त्यात काय एवढं? मी आहे ना," बायको म्हणाली.

हे ऐकून हेडक्लार्कांनी खुर्ची जरा मागे सरकवली. बायकोने अठ्ठावीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला होता. सगळे तिला 'बाई' म्हणत. घाबरले की हेडक्लार्कही म्हणत.

"साठ-साठ पोरं गप्प बसवलीयत मी," बाई म्हणाल्या. "हे तर एकटेच आहेत. चला, हाताची घडी, तोंडावर बोट!"

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता सराव सुरू झाला. हेडक्लार्क टेबलाशी बसत आणि बाई समोर कॅमेरा होऊन बसत. पहिल्या दिवशी हेडक्लार्क चाळीस सेकंद टिकले.

"डोळे कुठे गेले?"

"भिंतीवर पाल होती."

"पाल परीक्षेला बसलेली नाही. आणि आता नाक का हललं?"

"अगं, श्वास घेतला!"

"मग हळू घ्या."

बाई नुसत्या धाक घालून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या मध्येच ओरडत, "अहो, धाकटी बहीण आलीय तुमची!" किंवा "दूध उतू गेलं, धावा!" हेडक्लार्कांनी मान वळवली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चौथ्या आठवड्यात तर कमाल झाली. एरवी नाकावर माशी बसू न देणाऱ्या हेडक्लार्कांच्या नाकावर खरोखरची माशी बसली, ऐसपैस फिरली आणि आपल्या सवडीने उडून गेली. त्यांची पापणीही लवली नाही. बाईंना भरून आले.

"आता माझी काळजी मिटली," त्या मुलीला म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी मुलीने लॅपटॉप लावून दिला, खोलीचे दार लोटून घेतले आणि दोघी बाहेर बसल्या. आत हेडक्लार्कांची गाडी सुसाट सुटली होती. कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, माउसवर त्यांचे एक बोट तेवढे हलत होते. अकराव्या मिनिटाला पडद्यावर लाल चौकट आली: 'कॅमेऱ्यासमोर माणूस नसून छायाचित्र ठेवल्याचा संशय आहे. माणूस असल्यास तीस सेकंदांत मान हलवा.'

हेडक्लार्क मनातल्या मनात हसले. बहीण आली, दूध उतू गेले, आता हे! असल्या डावांना भुलायचे दिवस गेले होते. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला. तीस सेकंद झाले आणि परीक्षा रद्द झाली.

तासाभराने मुलगी आत आली. "बाबा, संपली का?" बाबा तसेच ताठ, पापणीही न हलवता बसले होते. तिने पडदा पाहिला, बाबांकडे पाहिले आणि घाबरून आईला हाक मारली. बाईंनी दारातूनच आवाज दिला, "मधली सुट्टी!" तेव्हा कुठे हेडक्लार्कांनी मान खाली सोडली.

तक्रारींची उत्तरे देण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यावर आता तक्रार करायची पाळी आली. आठवड्याने परीक्षा मंडळाच्या अधिकारीणबाईंनी व्हिडिओवर सुनावणी घेतली.

"अकरा मिनिटं माणूस इतका स्थिर बसूच कसा शकतो?" त्यांनी विचारले.

हेडक्लार्कांनी पाल, माशी, दूध, सगळे सविस्तर सांगितले. अधिकारीणबाई लिहून घेत होत्या. माशीपाशी त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि "एक मिनिट हं" म्हणून कॅमेरा बंद केला. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. फेरपरीक्षा मंजूर झाली.

या वेळी बाईंनी दर पाच मिनिटांनी एकदा कान खाजवायची मुभा दिली. सारे सुरळीत चालले होते. मग अडतिसावा प्रश्न आला: 'एक परीक्षार्थी घरच्यांच्या सरावामुळे अजिबात हलला नाही. एआयने त्याला छायाचित्र ठरवले. चूक कोणाची? अ) कॅमेऱ्याची. ब) शांत बसलेल्या माणसांचे नमुने न देता एआय तयार करणाऱ्यांची. क) परीक्षार्थीची. ड) सराव घेणाऱ्या पत्नीची.'

हेडक्लार्कांनी प्रश्न दोनदा वाचला. मग त्यांची नजर बंद दाराकडे गेली. दारापलीकडे बाई होत्या. तीस वर्षांच्या संसारात 'चूक कोणाची' हा प्रश्न हेडक्लार्कांना शेकडो वेळा आला होता आणि त्याचे उत्तर एकच होते. त्यांनी 'क' दाबला.

निकाल लागला. पास व्हायला सत्तर गुण हवे होते. हेडक्लार्कांना मिळाले एकोणसत्तर.

"बाबा, अहो ही तुमचीच गोष्ट!" मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली. "बरोबर उत्तर 'ब' आहे. तुम्ही 'क' कसं लिहिलंत?"

हेडक्लार्कांनी लॅपटॉप बाईंकडे सरकवला. डोळ्यांपुढे तळघर दिसत होते आणि खरोखरच रडू येईल असे वाटत होते. बाईंनी चष्मा लावून चारही पर्याय वाचले. 'ड'पाशी त्या जरा जास्तच रेंगाळल्या.

"'क' म्हणजे चूक तुमची, असंच ना?"

"हो."

"मग बरोबरच आहे की! तपासणारेच चुकले. कागद आणा, अपील मी लिहिते."

बाईंनी लिहिले, 'स्वतः परीक्षार्थी आपली चूक मान्य करीत असताना ती त्याची नव्हती, असे परस्पर ठरवणारे तुम्ही कोण? परीक्षार्थीचा कबुलीजबाब सोबत जोडला आहे.' कबुलीजबाबही त्यांनीच लिहिला आणि हेडक्लार्कांनी न वाचता सही केली.

तिमाही संपायला दोन दिवस असताना मंडळाचे पत्र आले. संबंधित व्यक्तीची लेखी कबुली पाहता 'क' हेही उत्तर ग्राह्य धरून एक गुण वाढवण्यात आला होता. हेडक्लार्क पास झाले होते, खिडकी वाचली होती. त्यांनी पत्र छातीशी धरले आणि मोठ्या आनंदाने बाईंकडे पाहिले.

"बघा," बाई म्हणाल्या, "चूक तुमची होती म्हणून वाचलात. माझी असती, तर बसला असतात तळघरात."