‘विषारी बांगडी’चा शेवट

“माझ्या नावातच उत्तर हाय. लोकांनी फक्त प्रश्न घेऊन यावं,” असं उत्तरेश्वर दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. तो नवा माणूस बहुतेक वेळा घड्याळात सेल टाकायला आलेला असायचा.

धारूरच्या बाजारात उत्तरेश्वरचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. मोबाइल आले, लोकांची मनगटं रिकामी झाली आणि त्याबरोबर उत्तरेश्वरही रिकामा झाला. मग तो गुप्तहेर झाला. दुकानावर त्यानं हातभर अक्षरांत ‘गुप्तहेर’ अशी पाटी लावली आणि तिच्याभोवती लुकलुकणारे दिवे सोडले, म्हणजे आपण गुप्त आहोत हे कुणाच्या नजरेतून सुटू नये. “निजामाच्या टायमाला मी असतो,” तो म्हणायचा, “तर निजामाला आधीच कळलं असतं काय होणार हाय ते.”

हे सगळं रोज ऐकायची पाळी भागवतवर होती. भागवत त्याच्या बायकोचा भाऊ. गुप्तहेराला मोटारसायकल लागते आणि ती भागवतकडे होती, म्हणून सहायकही भागवतच झाला. दाजींना नाही म्हणायचं म्हणजे बहिणीला तोंड द्यायचं. त्यापेक्षा तपास परवडला.

त्या रविवारी सकाळी फोन आला तो विजयसिंहांचा. विजयसिंह म्हणजे जवळच्याच गावातले बडे बागायतदार, माजी सरपंच. पण त्यांची खरी ओळख वेगळी होती. ‘विषारी बांगडी’ नावाचा एक जुना सिनेमा होता, आणि विजयसिंह त्याचे भक्त होते.

हा सिनेमा भागवतनं पाहिलेला नव्हता, पण ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. विजयसिंह आणि शिरूर कासारचे बंकटराव हे कॉलेजातले जिवलग मित्र. दोघांनी तरुणपणी नारायणगडाच्या यात्रेत, तंबूत बसून हा सिनेमा पाहिला आणि त्यातून ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. त्यात म्हणे डाकू जालंधरच्या टोळीला आणि पोलिसांना मिळून एकच घोडा होता. पोलीस बसले की त्याच्या कपाळावर खडूनं पांढरा ठिपका काढायचे. नायिका विधवा होते तेव्हाच्या गाण्यात मागून एक टेम्पो जातो. साध्या माणसाला ती चूक वाटते. “तो टेम्पो न्हाई, तो काळ हाय,” असं विजयसिंहांनी एका लग्नाच्या पंगतीत भागवतला समजावलं होतं. “काळ थांबत न्हाई, ते दाखवलंय.” भागवतनं तेव्हा मुकाट्यानं जिलबी खाल्ली होती.

अशा दोन मित्रांचं वाजलंही याच सिनेमावरून. शेवटी डाकू जालंधर कसा मरतो? विजयसिंह म्हणायचे, बांगडीच्या विषानं. बंकटराव म्हणायचे, बुरुजावरून पडून. यावरून बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं. पुढं विजयसिंहांचा मुलगा अभिमन्यू आणि बंकटरावांची वैष्णवी पुण्यात नोकरीला असताना एकमेकांना पसंत पडली. जात, पत्रिका, शेती, सगळं जुळलं. अडलं ते जालंधरच्या मरणाशी. “ज्याला बुरूज कळत न्हाई, त्याच्या घरात पोरगी देणार न्हाई,” हे बंकटरावांचं म्हणणं. विजयसिंहांचंही उलटं तसंच.

शेवटी अभिमन्यूनं कुठल्याशा भंगारवाल्याकडून ‘विषारी बांगडी’ची व्हिडिओ कॅसेट मिळवली, सोबत एक चालू व्हीसीआरही. रविवारी दुपारी दोन्ही घरांनी मिळून सिनेमा बघायचा, ज्याचं खरं ठरेल त्यानं दुसऱ्याची माफी मागायची आणि मग सुपारी फोडायची, असं ठरलं. आणि रविवारी सकाळी कॅसेट गायब.

उत्तरेश्वर वाड्यावर पोहोचला तोच मुळी डोळ्याला घड्याळ दुरुस्तीचं भिंग लावून. भिंगातून फक्त बोटभर लांबचं दिसतं, त्यामुळे तो आधी उंबऱ्याला आणि मग विजयसिंहांना धडकला.

“कॅसेट शेवटची कुणी बघितली?” त्यानं विचारलं.

“मी,” विजयसिंह म्हणाले. “राती या कपाटावर ठेवली व्हती. हळदकुंकू लावून.”

“दादा,” त्यांच्या बायको रुक्मिणीबाई चहाचा ट्रे घेऊन उत्तरेश्वरसमोर उभ्या होत्या, “ती कॅसेट ना...”

“वहिनी, तपास चाललाय,” उत्तरेश्वर म्हणाला. “चहा तेवढा ठिवा.”

त्यानं चहा घेतला, चार बिस्किटं बुडवून खाल्ली, आणि मग कपाटाजवळ गुडघे टेकले. थोड्या वेळानं त्यानं चिमटीत एक पिवळसर कण पकडला, वास घेतला, जिभेवर ठेवला.

“चोर बाहेरून आलाय,” तो म्हणाला. “गोड खाणारा हाय. पैसेवाला. घाईत व्हता.”

“दाजी, ते तुमच्या मिशीवरलं बिस्किट हाय,” भागवत म्हणाला.

“चोरानं तेच बिस्किट खाल्लं असू शकतं,” उत्तरेश्वर म्हणाला, आणि कण कागदात बांधून खिशात ठेवला.

तेवढ्यात बंकटराव आले. सोबत वैष्णवी. शिरूर कासारहून उन्हात आलेल्या माणसाला पाणी विचारावं, तर उत्तरेश्वरनं विचारलं, “काल राती कुठं व्हता?”

“कावून?”

“कारण कॅसेट तुमी चोरली. बुरुजाचं खोटं पडणार हे तुमाला म्हाईत व्हतं.”

बंकटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण भागवत दोन पावलं मागं सरकला. “विजयसिंगराव,” ते म्हणाले, “पाव्हण्याला घरी बोलवून चोर म्हणायची रीत तुमच्याकडं हाय का?”

“मी न्हाई म्हणलो. हा म्हणला.”

“तुमच्याच घरात म्हणला ना?”

वैष्णवीनं अभिमन्यूकडे पाहिलं. अभिमन्यूनं जमिनीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून भागवतला कळलं की हे लग्न आता त्या डाकूच्या आधी मरणार.

एक तर्क फसला की उत्तरेश्वर दुसरा काढी, जसा फाटका माणूस दुसऱ्या खिशात हात घालतो. आता त्यानं सांगितलं की सिनेमातली नायिका आता म्हातारी झाली असेल, तिला सिनेमात उंच टाचेची चप्पल घालून जंगलात पळाल्याची लाज वाटत असेल, म्हणून तिनं महाराष्ट्रभर फिरून सगळ्या कॅसेट नष्ट करायचा चंग बांधला असेल.

“ती काल आमच्या गावात आली?” विजयसिंहांनी विचारलं.

“वेष बदलून.”

“पण ती चप्पल लाजंची न्हाई,” बंकटराव मध्येच म्हणाले. “ती टाच म्हंजी तिचा ताठा हाय.”

“हां, ते बरोबर हाय,” विजयसिंह म्हणाले, आणि आपण शत्रूला दुजोरा दिला हे लक्षात येताच खिडकीबाहेर पाहू लागले.

“अहो, ऐकून तर घ्या,” रुक्मिणीबाई दारातून म्हणाल्या.

“वहिनी, पाणी आणा,” उत्तरेश्वर म्हणाला. मग त्यानं भिंग पुसलं, विजयसिंहांकडे वळला आणि आवाज खाली आणला. “आता खरं सांगतो. आबा, कॅसेट तुमीच लपवली. विषाचं खोटं निघंल म्हणून.”

गंमत म्हणजे हा तर्क तेवढा वेडगळ नव्हता. भागवतलाही क्षणभर पटला. पण विजयसिंहांचा रंग बदलला. ते उठले आणि कोपऱ्यातल्या काठीकडे गेले. “भागवत,” ते शांतपणे म्हणाले, “तुझ्या दाजीला गाडीवर बसव.”

बंकटरावही उठले. “चल गं वैष्णवी.”

वैष्णवी उठली, पण बाहेर गेली नाही. ती दाराशी उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईंकडे गेली आणि म्हणाली, “काकू, तुमी मघापासून काय म्हणत व्हता?”

सगळे थांबले. रुक्मिणीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग उत्तरेश्वरकडे.

“मला कुणी बोलू दिलं तर सांगते ना. सकाळी त्या कॅसेटीला बुरशीचा लई वास येत व्हता. म्हणलं वारं लागू द्यावं. गच्चीवर ठिवली, कुरडयांपाशी, फडक्याखाली सावलीत.”

अभिमन्यू जिना चढून गेला आणि कॅसेट घेऊन आला. तिच्यावर एक कुरडई चिकटली होती.

“माझाबी संशय गच्चीवरच व्हता,” उत्तरेश्वर म्हणाला.

“हिला इचारायचं सुचलं,” रुक्मिणीबाई वैष्णवीकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या. “एवढ्या माणसात हिला. मला ही पोरगी घरात पाहिजे. डाकू कसाबी मरू द्या.”

पडदे ओढले, व्हीसीआर लावला. दोन्ही म्हातारे सोफ्याच्या दोन टोकांना बसले. चित्र थरथरत होतं, पण घोडा आला, खडूचा ठिपका आला, टेम्पोही गेला. टेम्पो गेला तेव्हा दोघांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. भागवत मागं भिंतीला टेकून उभा होता. अशा भिकार सिनेमासाठी दोन शहाणी माणसं आयुष्यभर रुसून बसतात, याचा त्याला मनापासून तिटकारा आला.

मग शेवट आला. डाकू जालंधर बुरुजावर. समोर नायिका, हातात विषारी बांगडी. जालंधरनं तिच्याकडे पाहिलं, बंदूक खाली ठेवली, दगडावर बसला, आणि तोंड झाकून रडायला लागला. बराच वेळ रडला. पडद्यावर ‘समाप्त’ आलं.

विष नाही. पडणं नाही. तो मेलाच नाही.

व्हीसीआर घरघरत राहिला. आता दोघंही खोटे ठरले होते आणि माफी कुणी कुणाची मागायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“ही कॅसेट खोटी हाय,” शेवटी विजयसिंह म्हणाले.

बंकटरावांनी मान हलवली. “पार खोटी. आपण बघितला तो हा न्हाईच.”

“कापलाय कुणीतरी.”

“कापून दुसराच शेवट जोडलाय. जालंधर रडंल का रे, विज्या?”

“मरंल, पण रडणार न्हाई, बंक्या.”

एवढ्यावर दोघं सोफ्याच्या मधोमध सरकले. संध्याकाळ व्हायच्या आत सुपारी फुटली. रुक्मिणीबाईंनी वैष्णवीची ओटी भरली. सत्य सापडलं आणि दोघांनाही ते नको होतं, यावर दोन घरं जुळली. उत्तरेश्वरला पेढा मिळाला आणि त्यानं तो निकालाची पावती असल्यासारखा खाल्ला.

परत निघाले तेव्हा घाटात ऊन उतरत होतं. मागं बसलेला उत्तरेश्वर खूश होता.

“बघितलंस का बे, भागवत? माझ्या तपासामुळं दोन घरं एक झाली. पण पिक्चर काय दळभद्री म्हणावा. अन् तो डाकू, शेवटाला बाईसारखा मुळूमुळू रडतो. कशाला रडला त्ये तरी दाखवायचं.”

भागवतनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मागं वळला.

“दाखवलंय, दाजी. पयल्यांदा तिला बघितलं तवा बी तो असाच तोंड झाकून बसला व्हता, ती इधवा झाली त्या गाण्यात, टेम्पो गेला तवा. तुमाला दिसलं न्हाई,” तो म्हणाला. “अन् जालंधरला काय बोलायचं न्हाई.”

उत्तरेश्वरनं भिंग डोळ्याला लावून त्याच्याकडे निरखून पाहिलं. भागवतनं गाडीला किक मारली.