झिपरू अस्वलाचं भावाशी जुळतं

एका जंगलात उंदरांची एक मोठी संशोधन संस्था होती. हसू नका, बाळांनो. औषधांच्या प्रयोगांचा उंदरांइतका अनुभव दुसऱ्या कोणाला आहे? पिढ्यान् पिढ्या सगळे प्रयोग त्यांच्यावरच झाले. शेवटी ते म्हणाले, आता सुई आमच्या हातात द्या.

त्याच जंगलात झिपरू नावाचं अस्वल राहायचं. अंगावर इतके केस, की ते समोरून येतंय की पाठमोरं चाललंय हे जांभई दिल्याशिवाय कळायचं नाही. त्याला दोनच नाद होते. एक मध खाणं. दुसरा, थोरला भाऊ भिकाजी याच्याशी भांडणं.

भांडण ओढ्याकाठच्या बेहड्याच्या झाडावरून होतं. त्या झाडावर दरवर्षी मोठं आग्या मोहोळ लागायचं. वडील गेले, पण झाड कोणाचं हे सांगायचं विसरले. झिपरू म्हणाला, माझं. भिकाजी म्हणाला, माझं. दोघं कोर्टात गेले. न्यायमूर्ती कासव होते, त्यामुळे खटला छान मुरत गेला. भावांचं बोलणं मात्र बंद झालं.

एकदा काय झालं, झिपरूला दम लागू लागला. अर्ध्या झाडावर पोचला की तो खोडाला मिठी मारून बसायचा. हिरड्यांतून रक्त यायचं. ताप हटेना.

माकड गव्हांकुरांचा रस देऊन गेलं. सशाने पपईच्या पानांचा रस पाठवला. मोर म्हणाला, "सकारात्मक विचार कर. मला बघ, मी कायम तोच करतो."

झिपरूने सगळे रस संपवले, सकारात्मक विचार केला, आणि तो चक्कर येऊन पडला.

त्याची बायको येसू त्याला ओढत उंदरांच्या संस्थेत घेऊन गेली. तिथल्या मुख्य होत्या डॉक्टर बिळेकर. त्या चष्म्यासकट झिपरूच्या नाकाएवढ्या होत्या. त्यांच्या मदतीला सिस्टर साळुंके, जातीने साळिंदर. सिस्टरने पाठीवरची एक सुई उपटली आणि झिपरूचं रक्त काढलं.

डॉक्टरांनी ते दवाच्या थेंबाखाली ठेवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रक्ताचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय?" येसूने विचारलं.

"हाडांच्या आत मगज असतो. तिथे रक्त तयार होतं," डॉक्टरांनी सांगितलं. "यांच्या तिथल्या पेशी बिघडल्यात. काम काही करत नाहीत, नुसती गर्दी करतात."

"आमच्या पाणवठा सुधार समितीसारखं?" झिपरूने क्षीण आवाजात विचारलं.

"तंतोतंत. आधी औषध देऊन ती समिती बरखास्त करायची. मग दुसऱ्या कोणाच्या तरी चांगल्या मूळ पेशी आणून तुमच्या हाडांत रुजवायच्या. पण त्याचं तुमच्याशी जुळायला हवं."

"हे खरंच जमतं?" येसूने विचारलं.

"अस्वलावर अजून कोणी केलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझी आई यातूनच वाचली. तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. माझा तरी विश्वास आहे."

येसूचं जुळलं नाही. चुलत भाऊ रोज येऊन "काही लागलं तर हक्काने सांग" म्हणायचे. जुळतं का ते पाहायला गालातली लाळ हवी म्हटल्यावर ते सहकुटुंब देवदर्शनाला गेले. उरला भिकाजी. येसूने झिपरूला न सांगता त्याच्याकडून कापसाच्या बोंडावर लाळ आणली.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर उड्या मारतच आल्या.

"तुमचं भावाशी जुळतं!"

"शक्य नाही," झिपरू म्हणाला.

"दहापैकी दहा जुळतं!"

"डॉक्टर, तुम्ही दिवसभर बिळात असता. बाहेर कोणालाही विचारा. आमचं अजिबात जुळत नाही."

येसू भिकाजीच्या गुहेत गेली. तिथे त्याचा वकील बसला होता. वकील तरस होता, त्यामुळे वाईट बातमीलाही हसायचा.

"भावजी, यांना तुमच्या पेशी हव्यात," येसू म्हणाली.

"प्रतिवादीला हाडातलं काही देऊ नका," तरस हसत म्हणाला. "उद्या म्हणतील, झाडही दिलं. शिवाय कंबर कायमची जाते म्हणे."

"नाही दिलं तर तो मरेल?" भिकाजीने येसूला विचारलं.

येसूने होकाराची मान हलवली.

"मग तर खटला आपणच जिंकलो," तरस म्हणाला.

भिकाजीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तरस आयुष्यात पहिल्यांदा हसायचा थांबला.

"देतो," भिकाजी म्हणाला. "पण त्याच्याशी बोलणार नाही."

झिपरूला औषध सुरू झालं. त्याचे केस गळू लागले. आधी मानेचे, मग पोटाचे, मग सगळेच. जंगलातल्या पाखरांनी त्या साली घरटी अशी मऊ बांधली की पिल्लं उडायलाच तयार होईनात. झिपरूला एका स्वच्छ गुहेत एकटं ठेवलं होतं. कोणी भेटायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी नातेवाईक फळं घेऊन आलेच. सिस्टर साळुंके त्यांच्याकडे पाठ करून दारात उभी राहिली आणि काटे फुलवले. कोणी आत गेलं नाही.

मग औषधाने भिकाजीच्या पेशी हाडांतून रक्तात उतरवल्या, आणि त्या काढायचा दिवस आला. हे काम जळवांचं होतं. रक्त प्यायचं, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या काढायच्या आणि बाकीचं परत द्यायचं. जळवेला रक्त प्यायला शिकवावं लागत नाही. परत द्यायला शिकवण्यात उंदरांच्या तीन पिढ्या खपल्या होत्या.

अंगभर जळवा लटकलेल्या भिकाजीने वेलींच्या पडद्यातून पलीकडे पाहिलं.

"डॉक्टर, तो कोण झोपलाय?"

"तुमचा भाऊ."

"एवढासा?" भिकाजी म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

पेशी झिपरूच्या अंगात गेल्या. सगळे वाट पाहू लागले. झिपरूला ताप चढला. तोंड आलं, घास गिळवेना. येसू दाराबाहेर बसून राहिली. भिकाजी थोड्या अंतरावर, आपण सहज आलोय असं दाखवत, बसून राहिला. डॉक्टर रोज रक्त तपासायच्या आणि "अजून नाही" म्हणून निघून जायच्या.

एका सकाळी आतून बारीक आवाज आला.

"येसू... दादाला सांग... झाड माझं आहे."

डॉक्टर धावत आत गेल्या, रक्त तपासलं आणि ओरडल्या, "रुजल्या! पेशी रुजल्या!"

"म्हणे माझं!" बाहेर भिकाजी गरजला, आणि ढसाढसा रडला.

झिपरू हळूहळू बरा झाला. केस आले. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी मध खायला परवानगी दिली. झिपरूने पहिलं बोट चाटलं. घटकाभरात त्याच्या अंगावर गांधी उठल्या आणि डोळे सुजून बंद झाले.

डॉक्टरांनी औषध दिलं आणि भिकाजीला बोलावून घेतलं.

"तुम्हाला मध सोसतो का?"

भिकाजी जमिनीकडे पाहू लागला. "लहानपणापासून नाही. अंगावर गांधी उठतात."

"यांचं रक्त आता तुमच्या पेशींतून तयार होतं. म्हणून यांनाही मध सोसेनासा झाला. असं कधीकधी होतं."

झिपरू उठून बसला. कित्येक वर्षांनंतर तो थेट भावाशी बोलला.

"दादा, तुला मध चालत नाही? मग झाडासाठी दावा का लावलास?"

"तू मागितलंस म्हणून."

"आता मलाही चालत नाही."

"मग सोड झाड."

"तू सोड!"

शेवटी न्यायमूर्ती कासवांनी निकाल दिला. त्यांनी सगळं ऐकलं, सगळं विसरले, पुन्हा ऐकलं आणि सांगितलं, "झाड दोघांचं. अर्धं अर्धं. खटला संपला."

दोघं भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. दोघांचेही चेहरे उतरले. मग दोघं एकदमच ताडकन उभे राहिले.

"अन्याय!" झिपरू ओरडला.

"आम्ही वरच्या कोर्टात जाणार!" भिकाजी ओरडला.

"आम्ही म्हणजे?" कासव गोंधळले. "कोणाविरुद्ध कोण?"

"ते तिथे पोचल्यावर ठरवू," दोघं म्हणाले, आणि एकाच वाटेने भांडत घरी गेले.

तात्पर्य : बाळांनो, सख्ख्या भावाशी चाललेलं भांडण कधीही मिटवू नये. ज्याच्याशी आपण भांडतो, तो कुठे सापडेल हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.